दोऱ्याखालची साल

झाडाला तो दोरा मी आणून दिला होता, हे आधीच सांगून टाकते. मागाहून सांगितलं की लोकांना वाटतं, बाई इतका वेळ लपवून ठेवत होती. लपवण्यासारखं दुसरं आहे, ते ओघात येईलच.

साठच्या दशकाची सुरुवात होती. ह्यांची खडकीहून बदली झाली आणि आम्ही मद्रासजवळच्या आवडी नावाच्या गावी गेलो. फौजेसाठी तंबू शिवणारा सरकारी कारखाना, त्याच्या मागे लाल मातीचं मोकळं रान आणि त्या रानात बैठ्या क्वार्टर्सच्या समोरासमोर दोन रांगा. आमच्यासारखी बदलीवर आलेली अकरा मराठी बिऱ्हाडं तिथे होती. दोन रांगांच्या मधे पटांगण, आणि पटांगणात सावली म्हणून औषधाला नाही. उन्हाळ्यात सकाळी नऊ वाजता वाळत घातलेलं धुणं दहाला कडक व्हायचं. दुपारी खिडक्या-दारं लोटून आम्ही आत बसायचो ते चार वाजेपर्यंत. मी तेवीस वर्षांची होते, मॅट्रिक झालेली आणि तोंडाने फटकळ. आता म्हातारपणी लोक त्याला स्पष्टवक्तेपणा म्हणतात.

शेजारच्या घरात राहणारं जोडपं आमच्याहून पाच-सात वर्षांनी मोठं होतं. मूलबाळ नव्हतं. ते कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला, उंच, जरा वाकून चालणारे, बोलणं मोजकं. मी त्यांना भावोजी म्हणायची. वहिनी मात्र बोलक्या. भाकऱ्या थापता थापता भिंतीपलीकडून हाका मारायच्या आणि मीही पोळपाट बाजूला सारून उत्तरं द्यायची. दोघी एकमेकींना वहिनीच म्हणायचो.

पहिल्या वर्षी वटपौर्णिमा आली आणि प्रश्न पडला, वड कुठे आहे? जवळात जवळ वड तळ्याकाठच्या अम्मन देवीच्या देवळापाशी, दोन मैलांवर. उपाशीपोटी, भर उन्हात आम्ही अकराजणी तिथे गेलो. येताना एकीला भोवळ आली, तिला दोघींनी धरून आणलं. भावोजींनी ते ऐकलं. पुढच्या रविवारी त्याच वडाची मनगटाएवढी जाड फांदी त्यांनी सायकलला बांधून आणली आणि पटांगणाच्या मधोमध रोवली. वडाची फांदी धरते. ही पण धरली. रोज संध्याकाळी कारखान्यातून आले की ते तिला दोन बादल्या पाणी घालायचे, मगच चहा.

दुसऱ्या वर्षी आम्ही तिलाच साधं सूत गुंडाळलं. तिसऱ्या दिवशी बघतो तर सूत नाही. काही कावळ्यांनी घरट्याला नेलं, काही शेळ्यांनी ओढलं. आणि त्याच आठवड्यात समोरच्या रांगेतल्या एकीचे यजमान सायकलवरून पडले आणि त्यांचा हात मोडला. झालं. दोरा तुटला म्हणून हात मोडला, असा निकाल लागला. मी म्हटलं, ते रस्त्याकडे न बघता सायकल चालवतात म्हणून हात मोडला. कुणी हसलं नाही.

तिसऱ्या वर्षी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "ह्या खेपेला दोरा टिकायला हवा बाई." माझ्याकडे होता. तंबू शिवायच्या दोऱ्याच्या रिळाला शेवटी उरलेली टोकं हे घरी आणायचे. मेण लावलेला, तपकिरी, हाताने ओढून तुटत नसे, बोट कापलं तरी तुटत नसे. पावसाने कुजायचा तर प्रश्नच नाही, तंबूचाच तो. मी सगळ्यांना वाटला. "घ्या, सात जन्म काय, चौदा जन्म तुटायचा नाही," असं म्हणाले. त्या दिवशी सगळ्या हसल्या.

अकराजणींचे सात-सात फेरे. वर फांद्या फुटल्या होत्या, खाली एक गाठ होती, म्हणून सगळ्यांचे दोरे कमरेइतक्या उंचीवर एका वितीच्या जागेत आले. घसरू नयेत म्हणून आम्ही ते ओढून ओढून घट्ट बांधले आणि प्रत्येकीने वर गाठ मारली. पूजेचा दोरा आपल्या हाताने सोडायचा नसतो, तो आपोआप जायचा. हा जाणारा नव्हता.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे पाऊस असतो. झाड चांगलं वाढलं. सव्वीस जानेवारीच्या आधी सरकारी माणूस आला आणि रिवाजाप्रमाणे त्याने सगळ्या झाडांच्या बुंध्यांना खाली गेरू, वर चुना फासला. आमच्या वडालाही फासला, दोऱ्यासकट. त्यानंतर दोरा कुणाला दिसला नाही, आणि कुणाच्या मनातही आला नाही.

फेब्रुवारीत भावोजींचे डोळे पिवळे झाले.

कावीळ म्हणजे तेव्हा घरोघर व्हायची. दूध घालणाऱ्या बाईने कुठून तरी मूठभर भुईआवळी आणून दिली, ती वाटून ताकातून रोज सकाळी द्यायची. तिखट, तेल बंद. पंधरा दिवसांत उतरेल, असं सगळेच म्हणाले. पंधरा दिवस झाले, उतरली नाही. नखं पिवळी झाली, मग पोट फुगायला लागलं. एका सकाळी वहिनी मागच्या अंगणात भांडी घासत होत्या. हात थांबवून पटांगणाकडे बघत म्हणाल्या, "वहिनी, झाडही पिवळं पडलंय हो."

"उन्हाने पडलं असेल," मी फटकन बोलले. पण बघितलं तर खरंच. वडाचं पान गळायच्या आधी पिवळं होतं, तसं एखाद-दुसरं नव्हे, शेंड्यापासून खालपर्यंत सगळं झाड त्या रंगाचं झालं होतं. कोंब वाळून काळे पडले होते. मी घाईने नजर वळवली. का, ते तेव्हाही मला सांगता आलं नसतं, कारण माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही असं मी येताजाता सगळ्यांना ऐकवत असे.

त्या दिवसापासून अकरा घरांना एकच उद्योग लागला. कोणी शेण घातलं, कोणी राख, कोणी निंबोळीची पेंड. वाळवी असेल म्हणून कुणी मिठाचं पाणी ओतलं. दोन बादल्यांच्या जागी सहा बादल्या पाणी जाऊ लागलं, बुंध्याशी चिखल झाला. पानं गळतच राहिली. सकाळी केर काढताना ती उंबऱ्यापर्यंत उडत आलेली असायची. आपापल्या दारातली पानं आधी झाडून टाकायची घाई प्रत्येकीला असायची. आणि वहिनी रोज बाराच्या गाडीने जायच्या. भावोजींना मद्रासच्या मोठ्या इस्पितळात हलवलं होतं. जाताना त्या झाडाकडे बघून जायच्या, येताना बघत यायच्या. एकदा मला म्हणाल्या, "आज डॉक्टर बरं आहे म्हणाले. मी म्हटलं, घरी जाऊन झाड बघते, मग खरं मानते."

आमच्या रांगेच्या टोकाला तंजावरच्या बाई राहायच्या. त्यांचे यजमान कारखान्याच्या हिशेबखात्यात होते आणि त्या स्वतः रोज गाडीने मद्रासला मुलींच्या शाळेत शिकवायला जायच्या. त्यांचं मराठी ऐकून आम्ही आधी तोंडाला पदर लावून हसलो होतो. तीन-तीनशे वर्षं तिकडेच राहिलेली ती माणसं, शब्द आमच्या पणजीचे आणि हेल तमिळचा. पण त्यांच्या अंगणातल्या जाई-मोगऱ्याला जे बहर यायचे ते पाहिल्यावर आमचं हसू बंद झालं. झाडाचं काही विचारायचं तर त्यांनाच, हे आम्हाला आधीच सुचायला हवं होतं. वडाचं काय विचारायचं, तो आमचा देव, त्यांना काय कळणार, असा आमचा तोरा.

शेवटी मीच एका रविवारी त्यांना बोलावून आणलं. त्यांनी बुंध्याभोवती एक फेरी घातली. कमरेच्या उंचीवर झाड वेगळंच झालं होतं. वरचा भाग फुगून पुढे आला होता, खालचा बारीक राहिला होता, आणि मधे एक खोल घळ. त्या घळीतून चीक गळून वाळला होता. घळीच्या खाली तीन-चार कोवळे फुटवे आले होते. तेवढीच हिरवी पानं त्या झाडावर होती. बाईंनी नखाने चुना खरवडला. आतून तपकिरी मेणाचा दोरा दिसला. बराचसा सालीने गिळला होता.

"अय्यो," त्या म्हणाल्या. "झाडाचा गळा आवळला आहे कीं, अम्मा. वरचें अन्न खालीं जात नाहीं, मुळें उपाशीं आहेत. कोणी बांधलें हें?"

मी पदराने फुटव्यांवर पडलेला चुना पुसू लागले.

"मुळें उपाशीं असतांना तुमी वरून पाणी ओततां," त्या पुढे म्हणाल्या. "हें कापावें. आतां, ह्या आठवड्यांत. नाहींतर जाईल."

त्याच दुपारी आम्ही सगळ्या आमच्या घरी जमलो. वहिनी नव्हत्या, इस्पितळात होत्या. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. नवऱ्याच्या आयुष्यासाठी बांधलेला दोरा ब्लेडने कापायचा! एकीने तर कानांवर हात ठेवले. बाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. गळ्यातला मंगळसूत्राचा हळदीचा दोरा त्यांनी पदराबाहेर काढला.

"हा सरडु. जुना झाला कीं आमी बदलतों. पण आधीं नवा घालतों, मग जुना काढतों. गळा एक पळभर रिता ठेवीत नाहीं. झाडासही तसेंच करा. आधीं नवें सूत ढिलें गुंडाळा, हळदकुंकूं वाहा, मग जुनें कापा. त्यांत काय भय?"

ते बोलणं इतकं सरळ होतं की आम्ही एकमेकींकडे बघून माना डोलवल्या. फक्त कापायचं कुणी, एवढंच उरलं. ज्येष्ठातल्या पौर्णिमेला नवा दोरा गुंडाळायचाच आहे, तेव्हाच बघू, असं एकजण म्हणाली. त्याला अजून पुरते तीन महिने होते.

संध्याकाळी वहिनी आल्या. त्यांना सांगितलं. त्या चपला न काढताच दारात उभ्या होत्या. चेहरा सुकलेला. "नको," त्या म्हणाल्या. "हे घरी येईपर्यंत झाडाला कोणी हात लावू नका. पाया पडते तुमच्या." आणि खरंच वाकल्या. सगळ्यांनी त्यांना धरलं, नाही लावत, नाही लावत म्हणाल्या. खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. नकार दुसऱ्या कुणी दिला होता, आपल्याला द्यावा लागला नव्हता.

बाई मला एकटीला म्हणाल्या, "तुमी कापा. तुमांस असलीं भयें नाहींत, असें तुमीच सांगतां कीं." त्यात टोमणा नव्हता. त्यांनी माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला होता.

आता ते लपवण्यासारखं.

दोन दिवसांनी दुपारी मी ह्यांचं दाढीचं पातं घेतलं, कागदात गुंडाळून पदराखाली धरलं आणि पटांगणात गेले. सगळ्या खिडक्या उन्हामुळे लोटलेल्या. वहिनी बाराच्या गाडीने इस्पितळात गेल्या असणार. एक कुत्रंसुद्धा नव्हतं. मी बुंध्याशी उकिडवी बसले. चपलेखालची माती तापलेली होती. घळीत बोट घातलं तर आत ओल लागली, चिकट, आणि आंबूस वास आला. दोऱ्याचा एक वेढा अजून थोडा वर होता. त्याच्याखाली पात्याचं टोक सरकवलं. नुसतं मनगट वळवायचं बाकी होतं.

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. जेवणाची सुट्टी संपल्याचा, रोजचाच. हे आता मशीनवर परतले असतील, असं मनात आलं. आणि मग आलं, हा वेढा कुणाचा? सगळ्यांचे दोरे एका रंगाचे, एका रिळाचे. हा माझाच असला तर? मशीनची सुई, पट्टा, ह्यांचा हात, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. मी स्वतःला वेडी म्हटलं, मूर्ख म्हटलं. हात वळला नाही. पातं पुन्हा कागदात गुंडाळलं, घरी आले, दार लावलं आणि चहा केला. संध्याकाळी हे वेळेवर घरी आले, दहाही बोटं जागच्या जागी. मी त्यांच्यावर उगाचच खेकसले.

आठ दिवसांनी भावोजी गेले. काविळीतून यकृत बिघडलं होतं, डॉक्टरांनी आधीच आशा सोडली होती, असं नंतर कळलं. ज्या दिवशी ते गेले त्या दिवशी झाडावर वरची सात पानं होती. मी मोजली होती, आणि मी मोजली म्हणून मला स्वतःचा तिटकारा आला.

तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला पटांगणात आवाज नाही पण हालचाल दिसली म्हणून मी बाहेर आले. वहिनी झाडापाशी उभ्या होत्या. कपाळ मोकळं. हातात कात्री आणि पातं. त्यांच्याजवळ तंजावरच्या बाई, शाळेला न गेलेल्या. एकेक करून सगळ्या आपापल्या पायरीवर आल्या.

"ज्यांना नवा दोरा बांधायचा असेल त्यांनी आधी बांधून घ्या," वहिनी म्हणाल्या. "मग मी कापते. माझा कुणी राहिला नाही त्या दोऱ्यात."

मला वाटलं होतं, निदान एक तरी म्हणेल, तुम्ही नका, मी कापते. कोणी म्हटलं नाही. दहाजणी घरात गेल्या आणि सूत घेऊन आल्या. वहिनी बाजूला उभ्या राहिल्या आणि आम्ही त्यांच्या नजरेसमोर, आपापला नवरा सुरक्षित करून घ्यायला, झाडाच्या वरच्या अंगाला सैलसर सूत गुंडाळलं. मीही गुंडाळलं. माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही, आणि तरी मी सातही फेरे पुरे केले.

मग वहिनींनी कापायला सुरुवात केली. बाई सांगत होत्या, "ओढूं नका. उभें कापा, तुकडा तुकडा. जो सुटतो तो काढा, जो सालींत रुतला त्यास राहूं द्या. ओढाल तर उरली सालही जाईल." तासभर ते काम चाललं. तुकडे खाली पडत होते. काही सुटले, काही राहिले. वहिनींच्या बोटांना लागलेला चीक काळा झाला होता. एकदाही त्यांनी मान वर केली नाही. दोरा निघाल्यावर खाली साल दिसली नाहीच, नुसतं करडं लाकूड, पाऊण बुंध्याभोवती. एका बाजूला अंगठ्याएवढी साल तेवढी जिवंत होती. नखाने खरवडली तर हिरवी.

"इतकी पुरे," बाई म्हणाल्या.

त्यांनी शेंड्याकडच्या अर्ध्या फांद्या छाटायला लावल्या, म्हणजे ओझं कमी. झाड घळीपाशी वाऱ्याने मोडेल म्हणून सुरूच्या तीन काठ्या रोवून त्यांना ते सैल बांधलं. दुपारच्या उन्हाला माडाच्या झावळ्यांची ताटी. आणि मुख्य म्हणजे घळीच्या वरच्या फुगवट्याभोवती चिकणमाती आणि भिजवलेला काथ्या थापून वर गोणपाट गुंडाळलं. हे सतत ओलं ठेवायचं. वड आहे, तो वरून मुळं सोडेल, ती घळ ओलांडून जमिनीपर्यंत नेली की झाड जगलं. खालची मुळं तोवर त्या अंगठ्याएवढ्या सालीवर आणि त्या तीन-चार फुटव्यांवर तगली पाहिजेत.

वहिनींना क्वार्टर सोडायला मुदत मिळाली होती. त्या मुदतीत त्यांनी दुसरं काही केलं नाही. सकाळ-संध्याकाळ तांब्याने गोणपाटावर पाणी, थेंब थेंब, आत मुरेपर्यंत. भिंतीपलीकडून मला हाक यायची बंद झाली. मी दारातून बघायची, मदतीला जावं म्हणायची, आणि पाऊल उचलायचं नाही.

मे महिना लागला. मला त्या झाडाची भीती वाटू लागली. आधी मरेल म्हणून वाटत होती, आता जगेल म्हणून. फांद्यांच्या टोकांना लालसर कोंब आले तेव्हा मी दार लोटून आत आले. कारण वहिनींच्या हिशेबाने झाड आणि भावोजी एकच होते. दोरा कापल्यावर झाड जगत असेल, तर दोरा वेळेवर कापला असता तर काय झालं असतं? प्रत्येक नवं पान त्यांना हेच सांगत असणार. मी सकाळी उठून आधी तिकडे बघायची आणि मनात म्हणायची, वाळून जा मेल्या, एकदाचं वाळून जा. ते वाळलं नाही. मे संपता संपता गोणपाटाच्या विणीतून पांढरी, दोऱ्यासारखी बारीक मुळं बाहेर डोकावली. बाईंनी बांबू उभा चिरून आणला, त्यात माती भरली आणि मुळं त्यातून खाली जमिनीकडे वळवली.

"वाचलं बाई झाड," समोरच्या रांगेतली एक मोठ्याने म्हणाली. "आधीच कापायला हवा होता." आणि मग जीभ चावली. वहिनी तांब्या घेऊन तिथेच उभ्या होत्या. त्यांनी फक्त तांब्या ह्या हातातून त्या हातात घेतला.

पौर्णिमेच्या आत त्यांना निघायचं होतं. त्यांचा भाऊ साताऱ्याहून न्यायला आला. सामान थोडंच, ते हातगाडीवर चढवलं. भाऊ दोऱ्या आवळत होता तेवढ्यात त्या माझ्या दाराशी आल्या. आत या म्हटलं, आल्या नाहीत.

"वहिनी, एक विचारते. तेव्हाच कापला असता तर हे वाचले असते का?"

हा प्रश्न येणार, हे मला महिनाभर ठाऊक होतं. उत्तर घोकून ठेवलं होतं. "काहीतरीच काय! काविळीने गेले ते. झाडाचा आणि माणसाचा काय संबंध? दोरा म्हणजे दोरा. मनातून काढून टाका हे."

"तुमचा खरंच विश्वास नाही ना त्यावर?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. रागाने नाही, जसं एखाद्या आजाऱ्याकडे बघतात तसं.

"मग त्या दुपारी का नाही कापलात?"

त्याच पुढे बोलल्या. "माझी बाराची गाडी चुकली होती त्या दिवशी. मी घरातच होते, खिडकीच्या फटीतून बघत होते. तुमच्या हातात पातं दिसलं. मला वाटलं, सुटलो आपण. मी बायको, मी हो कसं म्हणणार? चारजणींसमोर नकोच म्हणणार. पण तुम्हाला कसली आडकाठी होती? मी आत हात जोडून उभी होते, तुमच्या हातून कापलं जाऊ दे म्हणून. आणि तुम्ही उठून गेलात."

भावाने हाक मारली. त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात दिली, चौकीदाराला द्या म्हणाल्या. दोन पावलं गेल्या आणि वळून म्हणाल्या, मुळं जमिनीत शिरेपर्यंत गोणपाट सुकू देऊ नका, दोन्ही वेळा पाणी घाला. मी मान हलवली. तेवढंच मला जमलं.